पंपाचा काही दोष नव्हता

आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की घराची वीज तोडणारा डब्यातला खटका, पडला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आत्ता काय चालू केलंत?" आणि जे चालू केलेलं असेल त्याच्यावर आळ येतो. या पावसाळ्यात आमच्याकडे तो आधी पंपावर आला, मग गीझरवर, मग इस्त्रीवर. शेवटी सापडलं ते भलतंच, आणि ते त्या वेळी बहुतेकदा चालूही नसायचं. ते कसं सापडलं हे जरा सविस्तर लिहिते, कारण पाऊस सुरू झाला की आमच्या भागात घरोघरी हीच तक्रार असते आणि तिच्यावर गावात फुकट मिळणारे उपाय बरेचसे जिवावरचे असतात.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी, मागे आगर आणि आगरात विहीर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडला झोडपून गेलं. आमच्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, खांबावरून घरात येणारी वायर तुटून अंगणात पडली. त्यानंतर आतलं वायरिंग नव्याने करून घेतलं. चिनी मातीचे फ्यूज गेले आणि बंद डबा आला: मेन स्विच, त्याच्यापुढे दोन पोलचा ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी, मग एमसीबींची रांग. आतलं नवं झालं, आगरातलं जे टिकून होतं ते तसंच जोडून दिलं गेलं.

एमसीबी आणि आरसीसीबी यांचं काम वेगळं आहे, हे आधी डोक्यात बसलेलं बरं. भार जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की एमसीबी पडतो. आरसीसीबीला भाराशी देणंघेणं नसतं. त्याच्या आत एक लोहचुंबकीय कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. सहलीहून परतताना आम्ही मुलं मोजायचो, जेवढी नेली तेवढीच बसमध्ये चढली का, तसं तो सेकंदासेकंदाला मोजतो. कमी भरला तर उरलेला कुठेतरी गळतो आहे: भिंतीतून, पंपाच्या पत्र्यातून, नाहीतर कोणाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलंच पाहिजे असा दंडक आहे. मधे कुठेही पडू शकतो. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा चाळीसेक मिलिअँपिअर घेतो, यावरून ही गळती किती बारीक ते समजेल. माणसाला मात्र दहाच्या आसपासच हाताची पकड सोडवत नाही.

मृगाचा पाऊस लागला आणि आमचा आरसीसीबी पडायला लागला. पहिल्यांदा वाटलं लाइट गेले. आमच्याकडे त्यात नवल नाही. पण समोरच्या घरी टीव्ही चालू. खटका वर केला, बसला. दुपारी परत पडला.

इन्व्हर्टरमुळे वेगळीच पंचाईत. रात्री आरसीसीबी पडला तरी पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर चालूच, कोणाला पत्ता लागत नाही. फ्रिज मात्र इन्व्हर्टरवर नाही. जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून मे अखेरीला सुरमई साफ करून फ्रीझरमध्ये ठेवली होती. एका सकाळी सासूबाईंनी दार उघडलं तर पिशवीखाली गुलाबी पाणी आणि बर्फाची पाटी पार कोरडी. त्या दिवशी घरात या विषयाला गांभीर्य आलं. तोवर "पावसाळ्यात व्हायचंच" एवढंच चाललं होतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, "काढून टाक गं ते यंत्र. डायरेक्ट कर. आमच्याकडे चाळीस वर्षं काय होतं? कोण मेलं?" दुसऱ्या एकांनी त्याहून सोपं सांगितलं: अर्थिंगची हिरवी वायर सोडवून ठेवा, पडायचं थांबेल. गंमत म्हणजे दोन्ही उपाय लागू पडतात. पहिल्यात पहारेकरीच गेला. दुसऱ्यात गळणाऱ्या करंटला जमिनीत जायची वाटच राहत नाही, म्हणून आरसीसीबी शांत. पण मग पंपाचं किंवा गीझरचं अंग जिवंत झालं तरी ते तसंच जिवंत राहतं, कोणी ओल्या हाताने शिवेपर्यंत. आरसीसीबी तेव्हा पडेल, पण आधी झटका बसेल मग पडेल. आमच्या पंचक्रोशीत दोन्ही उपाय केलेली घरं आहेत.  यांनाही, म्हणजे आमच्या यजमानांनाही, "दोन-चार दिवसांपुरतं" डायरेक्ट करायचा मोह झाला होता. मी डब्याच्या झाकणाला कुलूप लावलं नाही एवढंच.

टेस्टचं बटण दाबून पाहिलं, खटका लगेच पडला. म्हणजे यंत्र धड होतं. ते बटण आतल्या आत थोडा करंट कड्याच्या बाहेरून वळवतं, त्यामुळे घराचं अर्थिंग कसं आहे हे त्यावरून कळत नाही. पण खटका अडकलेला नाही एवढं कळतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत एवढं कळणंही थोडं नाही. महिन्याला एकदा दाबावं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी नोंदी ठेवायला लागले. शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवल्याची ही खोड. "पंप, पडला." "पंप, टिकला." "पंप आणि गीझर, लगेच पडला." "इस्त्री, संध्याकाळी, पडला." "काही नाही, फ्रिज फक्त, वारा फार, पडला." नोंदींत पंप सर्वांत जास्त वेळा होता म्हणून पंप विहिरीवरून काढला आणि हे तो रिक्षात घालून दापोलीला घेऊन गेले. दुकानदाराने मेगर (आवरणातून करंट गळतो का ते मोजायचं यंत्र, आकडा जेवढा मोठा तेवढं चांगलं) लावला: वाइंडिंग आणि बॉडीमध्ये शंभर मेगओहमच्या वर. पंप नव्यासारखा. तरी रिवाइंड करून घ्या म्हणाला. केलं नाही.

पंप दुकानात आणि इकडे गीझर लावला तर आरसीसीबी पडला.

आता आमच्या वायरमनला बोलावलं. हा माझाच विद्यार्थी, दहावीनंतर आयटीआय केलेला. अजून मला "बाई" म्हणतो आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसायचं टाळतो. त्याने आधी रूढ पद्धत केली: सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं, ज्याने पडेल तो चोर. सगळे खाली असताना टिकला. एकेकटा वर केला, प्रत्येकाला टिकला. सगळे मिळून वर केले, टिकला. मग गीझर तापायला लागला, पडला. गीझरचा एमसीबी खाली ठेवून स्वयंपाकघरात इस्त्री आणि मिक्सर एकदम लावले, पडला.

तो जरा वेळ डब्याकडे बघत उभा राहिला. मग स्वतःच्या पिशवीतून पाणी तापवायची कोरी कॉइल काढली, दोन किलोवॉटची, खोक्यातली. बादलीत बुडवून स्वयंपाकघराच्या प्लगला लावली. पडला.

"बाई, ही कॉइल तर नवी आहे," तो म्हणाला. "लिकेज हिच्यात नाही. कुठेतरी न्यूट्रल अर्थला लागलाय."

इथे सगळं प्रकरण उलगडलं, म्हणून इथेच थोडं थांबते. आपल्याला लिकेज म्हटलं की फेजची गळती आठवते. पण न्यूट्रल वायर सोलली जाऊन अर्थला टेकली तरी आरसीसीबीच्या दृष्टीने ती गळतीच. घरभरातून परत येणारा करंट न्यूट्रलने येताना त्यातला थोडा त्या सोललेल्या जागी वाट फोडून जमिनीत उतरतो. भार कमी असेल तर उतरणारा वाटाही कमी, पाच-सात मिलिअँपिअर, खटका टिकतो. कॉइल, गीझर, पंप असं काही दणदणीत लावलं की वाटा वाढतो आणि खटका पडतो. त्या उपकरणाचा गुन्हा एवढाच की ते जास्त करंट घेतं.

आणि एमसीबी एकेक खाली करून चोर का सापडला नाही? कारण घरातले बहुतेक एमसीबी एकपदरी असतात, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्या खोल्यांची एका पट्टीवर एकत्र बांधलेली, ती कधीच तुटत नाही. बिघडलेल्या लाइनचा एमसीबी खाली असला तरी तिची न्यूट्रल तिथेच अर्थला टेकलेली असते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी भाराने खटका पाडते. याचा पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. सातच्या सुमारास, झाडून सगळे एमसीबी खाली असताना, घरात काहीही चालू नसताना आरसीसीबी पडला. गावात दिवेलागण झाली, सगळ्यांचे दिवे-टीव्ही लागले, खांबावरच्या न्यूट्रलवरच दोन-चार व्होल्ट चढले आणि ते आमच्या घरातून आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरले. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गावाचं पाप आपल्या अंगणात." पुष्कळसं तसंच.

दुसऱ्या दिवशी तो मेगर घेऊन आला. ओळखीच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून मागून आणलेला, हाताने फिरवायचा, काट्याचा. घरातल्या सगळ्या पिना काढल्या: फ्रिज, टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर. दिवेही होल्डरमधून उतरवले, कारण मेगर पाचशे व्होल्ट सोडतो आणि एलईडीच्या ड्रायव्हरला ते मानवत नाही. मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली, मग न्यूट्रलची पट्टी उघडली. एकसारख्या काळ्या वायरी, एकीवरही खूण नाही. हा वायरिंग करणाऱ्यांचा सार्वत्रिक आळस आहे आणि त्याची किंमत पुढे कोणीतरी दुसराच मोजतो. एकेक सोडवायची, कागदी चिकटपट्टीवर नंबर लिहून गुंडाळायचा, तिच्या जोडीची फेज शोधायची, दोन्ही एकत्र पिळून अर्थशी मेगर लावायचा. मी कागदावर आकडे लिहीत होते. जुना दंडक असा की एक मेगओहमच्या खाली गेलं तर वायर संशयित. माजघर वीसच्या वर. ओटीवरची लाइन वीस. स्वयंपाकघर आठ, तिथे ओल असतेच. न्हाणीघर दोनच्या आसपास, तेही चालण्यासारखं. गीझर वेगळा सोडवून घेतला तर अर्धा मेगओहम, म्हणजे त्याचं एलिमेंट म्हातारं झालंय, पण अर्ध्या मेगओहमने अर्धा मिलिअँपिअरसुद्धा गळत नाही. आरसीसीबी पाडायचा तर रेझिस्टन्स पंधरा हजार ओहमच्याही खाली यायला हवा.

मग एका वायरीला हँडल फिरवलं आणि काटा हललाच नाही. शून्यावर पडून राहिला. त्याने दोनदा चिमटे काढून लावले.

ती एकटी बाहेर ठेवून बाकीच्या पट्टीवर परत बांधल्या, मेन चालू केला. गीझर लावला, कॉइल लावली, इस्त्री लावली. टिकला. मग काय काय बंद पडलंय हे बघत घराला फेरी मारली: गोठ्याच्या पडवीतला दिवा, मागीलदारचा आणि विहिरीवरचा. म्हणजे बाहेरच्या दिव्यांची लाइन, दिवसभर जिचा एमसीबी आम्ही खालीच ठेवायचो. कॅलेंडरवरच्या माझ्या नोंदींत तिचं नाव एकदाही आलेलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजले. भार नसताना एक. पंप परत बसवल्यावर तो चालू करून मोजले, साडेतीन. आमचा अर्थिंगचा खड्डा चिऱ्याच्या कातळात आहे. पावसात त्याचा रेझिस्टन्स शंभर ओहम धरला तर साडेतीन व्होल्टने पस्तीस मिलिअँपिअर होतात, खटका पडलाच पाहिजे. मे महिन्यात तोच कातळ ठणठणीत कोरडा, रेझिस्टन्स तीन-चार पट. तेवढ्याच व्होल्टने दहाएक मिलिअँपिअर. पडणार नाही. माझा कयास असा की वायर उन्हाळ्यातच टेकली होती, पावसाने तिला फक्त बोलती केली. वायरमनला हे पटलं नाही, त्याच्या मते वाऱ्याने टेकली. असेल.

जागा शोधायला वेळ लागला नाही. गोठ्याजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये लाइन तोडली. गोठ्याच्या बाजूला मेगर चांगला, विहिरीच्या बाजूला शून्य. विहिरीच्या कठड्याला एक जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप उभा आहे, वर बाक देऊन दिव्याची टोपी. वादळातही तो वाकला नाही म्हणून तसाच ठेवला होता. वायर पाइपात शिरते ती खालच्या भोकातून. भोक करवतीने पाडलेलं, कड कानशीने घासलेली नाही, रबरी बुशही नाही. दिवा उतरवला, वायर खालून ओढली. काळ्या वायरीवर नखभर चीर, आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि त्याच्यावर मुंग्यांनी आणलेली लाल माती. पाइप हिरव्या वायरीने अर्थ केलेला होता, तेव्हा काळी वायर सरळ अर्थलाच बांधल्यासारखी. वारा आला की पाइप थरथरायचा.

त्याने वायर माझ्या हातात दिली आणि काही न बोलता शेजारची लाल वायर वळवून दाखवली. तिचंही आवरण त्याच उंचीला घासून निम्म्यावर आलेलं. फेज. त्या पाइपाला टेकून आमच्याकडे कपडे धुवायची दगडी आहे. अर्थिंग सोडवून ठेवायचा सल्ला ज्यांनी दिला होता त्यांना मी ती वायर मुद्दाम नेऊन दाखवली. "हो का," म्हणाले.

दुरुस्ती सरळ होती. नवी वायर, भोकाला बुश, पाइपाच्या तळाला पाणी निघून जायला बारीक छिद्र, जोड सगळे वर बंद डब्यात. बाहेरच्या लाइनला मी वेगळा आरसीबीओ मागितला, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच अंगात, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा. तो मुख्य आरसीसीबीच्या पुढे बसवायचा नाही, त्याच्या आधीच मेन स्विचवरून वेगळा घ्यायचा. दोन्ही तीस मिलिअँपिअरचे एकामागे एक असले तर आगरात गळालं तरी कोणता आधी पडेल याचा भरवसा नसतो आणि पुन्हा फ्रिज बंद. वायरमनला हा खर्च जास्तीचा वाटत होता. सुरमईचा भाव सांगितल्यावर गप्प बसला. पट्टीवरच्या सगळ्या काळ्या वायरींना त्याने एमसीबीचेच नंबर दिले आणि गीझरचं एलिमेंट पुढच्या फेरीला बदलतो म्हणाला. मेगरवाल्याचे तोवर तीन फोन येऊन गेले होते.

हा आरसीबीओ कामाला लागला तो गणपतीत. मुंबईहून दीर-जाऊ आले, सोबत पुतण्याने आणलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा. एक त्याने पडवीच्या पागोळीखाली बांधली आणि पिन मागीलदारच्या प्लगमध्ये घातली. आरतीच्या वेळेला सर आली आणि बाहेरचं सगळं विझलं. घरात काही झालं नाही, आरती चालू राहिली. हे टाळ हातात घेऊनच डब्याकडे बघून आले आणि खुणेने "बाहेरचा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी माळेचा अडॅप्टर उघडला तर आत पाणी. पुतण्या ती बदलून आणायला दापोलीला गेला, आणि येताना त्याला एक टेस्टरही आणायला सांगितलाय. आमचा मेगरच्या गडबडीत वायरमनच्या पिशवीत गेला.